कामापुरता हाडवैद्य

एका गावात, म्हणजे नदीच्या अलीकडच्या काठावरच्या ऐलवाडीत, हैबती नावाचा एक भोळा हाडवैद्य राहत होता. हाताला गुण मोठा. निखळलेला सांधा त्याने नुसता चाचपला तरी सांध्याला आपली जागा आठवायची. डोक्याचं मात्र तसं नव्हतं. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि खरी अडचण हीच होती. कोणी काही शिकवलं की तो उपरण्याला गाठ मारायचा. मारलेली गाठ कधी सुटायची नाही. पण कुठलं शिकवलेलं कुठे वापरायचं, एवढं काही गाठीत मावत नसे.

त्याची बायको येसू शहाणी होती. शहाण्या माणसाच्या वाट्याला जे येतं ते तिच्याही वाट्याला आलं होतं.

नदीच्या पलीकडे पैलवाडी. ऐलवाडीचा राजा वेगळा, पैलवाडीचा राजा वेगळा. दोन्ही घराणी पिढ्यानपिढ्या भांडत आली होती. कशावरून ते दोघांनाही आठवेना, तेव्हा त्यांनी करार केला. इकडचं मीठ जकात न भरता तिकडे जाईल, तिकडचं सागवान जकात न भरता इकडे येईल. मिठाबरोबर माणसंही जातील, पण बेताने. गवंडी, मोजणीदार, पंतोजी, हाडवैद्य अशा कसबी माणसांनी पलीकडून बोलावणं आलं तर जावं, कामापुरतं राहावं, आणि काम संपलं की आपल्या काठाला परतावं. तिकडेच पथारी पसरायचा ज्याचा विचार दिसेल त्याला नाक्यावरूनच माघारी धाडावं. या यादीत जावयांचं नाव घालावं अशीही एक सूचना आली होती. पण जावई परत जातो अशी हमी द्यायला दोघांपैकी एकही राजा तयार होईना. ते कलम वगळलं.

एके दिवशी नावाड्याने हैबतीला निरोप आणला. पैलवाडीच्या दौलतमामांना बैलाने हिसडा दिला होता आणि त्यांचा उजवा खांदा निखळला होता. अख्खी पैलवाडी त्यांना मामा म्हणायची, पण ते खरे मामा एकीचेच. मंजुळा त्यांची भाची. तिचे आईबाप ती रांगत होती तेव्हाच गेले, मामांनीच तिला वाढवली. आता तिचं लग्न ठरलं होतं. आणि मुलीला उचलून बोहल्यापर्यंत आणायची ती मामानेच, अशी तिकडची रीत. मंजुळाने सांगून टाकलं होतं, "मामाच्या हातावर बसून येईन. तसं न्हाई झालं तर नवरदेवानं घोडं वळवावं." पुढे सिंहस्थ लागत होता, म्हणजे वर्षभर लग्नं बंद. घोडं वळलं की वळलंच.

पैलवाडीत हाडवैद्य नव्हता असं नाही. होता. तो चिंचेवरून पडला, आणि त्याचं हाड बसवायला गावात दुसरा हाडवैद्य नव्हता.

"जातो म्हणून सांग," हैबती नावाड्याला म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं. लग्नघरात निखळलेला खांदा म्हणजे काय, ते त्याला कळत होतं.

येसूने भाकरी बांधून दिली आणि बजावलं, "तिकडं नाक्यावर सरकारी माणूस बसलेला असतोय. त्याच्या तोंडाला लागू नगा. सरकारी माणसाला न्हाई म्हणायचं न्हाई."

हैबतीने उपरण्याला गाठ मारली.

नाका पैलवाडीच्या घाटावरच होता. नाकेदार रंगराव हे नेमाचे पक्के, मिशीचे भक्कम आणि मनाने वाईट नसलेले गृहस्थ होते. त्यांनी हैबतीला समोर उभं केलं.

"हाडवैद्य?"

"व्हय."

"दौलतमामांचं बोलावणं आहे?"

"व्हय."

"काम झालं की परत जाणार?"

"व्हय."

रंगरावांनी शिक्का उचलला. पण हा शेवटचा प्रश्न उलटून विचारावा असाही नियम होता, आणि रंगराव नियम सोडत नसत.

"की इकडेच राहायचा विचार आहे?"

"व्हय."

शिक्का वरच थांबला.

"म्हणजे परत जाणार नाही?"

"व्हय."

"अहो, जाणार की नाही जाणार?"

"व्हय."

रंगरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "चोरून काही आणलंय?"

"व्हय."

"काय आणलंय?"

"तुमी म्हणाल ते," हैबती अदबीने म्हणाला.

झडती झाली. भाकरीत ठेचा निघाला. ठेचा करारात कुठेच नव्हता. हैबती दुपारच्या नावेने परत आला.

येसूने सगळं ऐकून घेतलं. मग ती थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "अवो, तुमी माघारी येणार हे त्येला पटाया पायजे. आपलं घर इकडं हाय, चूल इकडं हाय, मागं वाट बघणारं माणूस हाय, हे त्येला दिसलं पायजे. नुसत्या तोंडाच्या वाफेनं कुणाला पटतंय?"

हैबतीने उपरण्याला दुसरी गाठ मारली. घर दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी येसू बाजाराला गेली आणि हैबती कामाला लागला. आधी त्याने दाराची दोन्ही फळकुटं बिजागरीतून काढली. घर म्हटलं की दार आलं. मग जातं घेतलं. मग चूल. चूल मातीची होती, ती निघताना तिचे तीन तुकडे झाले. त्याने तिन्ही घेतले. तुळशीचं वृंदावन घेतलं. वाट बघणारं माणूस बाजारात गेलं होतं, म्हणून त्याच्याऐवजी गाय घेतली. गाय रोज संध्याकाळी त्याची वाट बघायचीच.

नावाड्याने सगळं चढवून घेतलं. नाव मात्र काठापर्यंत बुडाली.

रंगराव घाटावर आले. त्यांनी दार पाहिलं, जातं पाहिलं, चूल पाहिली. गाईने त्यांना पाहिलं.

"हे काय आहे?"

"माजं घर."

"ते इकडे का आणलंत?"

"मी माघारी जाणार हे तुमास्नी पटावं म्हणून."

रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "वैद्यबुवा, या नाक्यावर माझे केस पिकले. परत जाणारा माणूस जातं घेऊन आलेला मी अजून पाहिला नाही." आणि त्यांनी दार, जातं, चूल, वृंदावन, गाय आणि हैबती यांना माघारी धाडलं.

येसू उंबऱ्यावर बसली होती. उंबरा तेवढा जागेवर होता. "मला वाटलं चोर येऊन गेलं," ती म्हणाली. "पर चोर तुळस कशाला नेतील? मग वळीखलं."

मग तिने स्वतःला समजावलं आणि नवऱ्याला पुन्हा शिकवायला घेतलं. "हे बगा. ज्येला माघारी यायचं असतं त्यो काय नेत न्हाई. सगळं घरीच ठेवून जायचं. हात हलवत गेलं की बघणाऱ्याला वाटतंय, ह्यो आत्ता येतोय परत."

हैबतीने तिसरी गाठ मारली. सगळं घरी ठेवायचं.

तिसऱ्या खेपेला त्याने सगळं घरी ठेवलं. पागोटं ठेवलं, बंडी ठेवली, धोतर ठेवलं, वहाणा ठेवल्या. कामट्या, पट्ट्या, तेलाचा बुधला, लेपाचं गाठोडं, तेही ठेवलं. उपरणं ठेवणार होता, पण गाठी त्याच्यातच होत्या. शेवटी लंगोटी आणि उपरणं एवढ्यावर तो घाटावर उतरला, आणि येसूने सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात जोरजोरात हलवत नाक्याकडे चालत आला.

रंगराव आत जाऊन पाणी पिऊन आले.

"सामान?"

"घरी."

"कामट्या? तेल?"

"घरी."

"दौलतमामांचं बोलावणं होतं ना, त्याची काही खूण?"

"ती बी घरी."

"मग तुम्ही हाडवैद्य आहात हे मी कशावरून मानायचं?"

हैबतीने विचार केला. घरी ठेवलेलं सगळं त्याने आठवून पाहिलं. हाडवैद्यकी घरी ठेवल्याचं त्याला काही आठवेना, पण सोबत आणल्याचंही आठवेना.

"मला तर तुम्ही बैरागी दिसता," रंगराव म्हणाले. "बैराग्यांना या करारात जागा नाही. धंद्याची खात्री पटल्याशिवाय मी सोडणार नाही. जा."

परत येताना नावाडी न राहवून बोलला. "हैबती, मामाचा खांदा लई सुजलाय. हाताला पाण्याचा तांब्या पेलत न्हाई. मंजुळा घास भरवती आन् त्यो डोळं पुसतो." एवढं बोलून तो वल्ही मारत राहिला. हैबती पैलवाडीकडे तोंड करून बसला. खांदा नदीपलीकडे होता आणि खांद्याला काय हवं ते त्याच्या हातात होतं. मधे नुसतं पाणी आणि रंगराव.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. येसूला आता नवऱ्यापेक्षा मंजुळेची काळजी वाटू लागली. ती म्हणाली, "उद्या समदं सामान न्या. अंगभर कापडं घाला. आन् कुणी शंका घेतली की बोलत बसू नगा. जो शंका घेईल त्येला तितल्या तितं करून दावा. मग कुणाची बोलायची टाप न्हाई."

चौथी गाठ.

चौथ्या खेपेला हैबती अगदी नीटनेटका होता. रंगरावांनाही बरं वाटलं. आज सामान होतं, बोलावण्याची खूण म्हणून मामांनी धाडलेली हळकुंडं होती, धोतर होतं. ते हसून म्हणाले, "सगळं ठीक आहे. आता तुम्ही खरोखर हाडवैद्य आहात, एवढी माझी खात्री पटवा."

"हात द्या बगू," हैबती म्हणाला.

रंगरावांनी हात दिला. हैबतीने तो एका हाताने मनगटात आणि दुसऱ्याने कोपरात धरला. कट्‌.

घाटावरच्या पिंपळावरचे सगळे पक्षी उडाले. रंगरावांचं कोपर कोपराच्या जागी नव्हतं. रंगराव स्वतःही आपल्या जागी नव्हते, जमिनीवर होते. हैबती त्यांच्या शेजारी बसला, कोपर चाचपलं, जरासं ओढलं. कट्‌. कोपर जागेवर आलं.

"पटलं?" त्याने विचारलं.

"पटलं," रंगराव म्हणाले. घाम पुसत ते उठले, डाव्या हाताने शिक्का मारला आणि चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. परवान्याच्या अटी त्यांनी तिथूनच सांगितल्या. "ऐका. तुम्हाला दौलतमामांच्या खांद्यापुरतं सोडलंय. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. आणि काम आहे तोवर राहायचं. काम संपलं की त्याच दिवशीची नाव. कामाशिवाय घटकाभर थांबता येणार नाही. चुकलात तर पुन्हा या घाटाला पाय लावू देणार नाही, ऐलवाडीच्या कुठल्याच हाडवैद्याला लावू देणार नाही."

हैबतीने दोन गाठी मारल्या. उपरणं आता एका बाजूने जड झालं होतं.

दौलतमामांच्या घरी मामी दारातच तांब्या घेऊन उभी होती. "या वैद्यबुवा, पाय धुवा."

"न्हाई," हैबती म्हणाला. "मी खांद्यापुरता आलोय." आणि तसाच चिखलाच्या पायांनी माजघरात गेला.

पण खांद्याला त्याने हात लावला, आणि मग तो वेगळाच माणूस झाला. मामांशी गोड बोलत त्याने तेल चोळलं, बैलाचं नाव विचारलं, आणि मामा बैलाला शिव्या देण्यात गुंतले असताना खांदा बसवला. मामांनी शिवी अर्धीच सोडली. त्यांनी बोटं हलवून पाहिली. मग ते रडले. मंजुळाही रडली. हैबतीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण डोळे खांद्यात मोडत नव्हते, म्हणून त्याने ते पुसले नाहीत.

खांद्याला पट्टी बांधली. ती लग्नाच्या दिवशीच सोडायची, तोवर रोज शेक आणि तेल, असं ठरलं. म्हणजे काम होतं. हैबती ओसरीवर राहिला.

दुसऱ्या कशालाही मात्र त्याने हात लावला नाही. वासरू दाव्यात अडकून हंबरत होतं, हैबती शेजारी उभा राहून बघत होता. अंगणात मांडव घालत होते. त्याची एक मेढ हैबतीच्या अंगावर कलली, तो अदबीने बाजूला झाला, आणि अर्धा मांडव खाली आला. गडी ओरडला, "अवो, जरा धरायचं की." हैबती म्हणाला, "ती खांद्यात येत न्हाई." आणि ताट वाढलं की तो ताटालाही हात लावत नसे. सोबत आणलेले भाजके दाणे ओसरीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून खायचा.

हे मामीला फार लागलं. लग्नघरात पाहुणा उपाशी. लोक काय म्हणतील? तिने नावाड्याच्या हाती येसूला निरोप धाडला, "तुमचे मालक आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आमचं काय चुकलं?"

येसूचा उलटा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. नावाड्याने तो अंगणात उभं राहून सांगितला. "येसूवयनी म्हणती, यजमानाचा शबुद मोडायचा न्हाई. त्यानं आग्रह केला की मान राखायचा. आन् ती म्हणती, ही गाठ सगळ्यात घट्ट मारा."

हैबतीने ती सगळ्यात घट्ट मारली.

त्या दिवशी घरात पुरणपोळ्या होत्या. मामीने वाढली. हैबतीने खाल्ली. मामीने रीतीप्रमाणे म्हटलं, "आणखी एक घ्या." हैबतीने घेतली. "आणखी एक." घेतली. आता आपल्याकडे पाहुणा पुरे म्हणतो, मग वाढणारी आग्रह करते, पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, आणि मग कुठे थांबायचं असतं. पाहुण्याने पुरे म्हटल्याशिवाय वाढणारीने थांबणं बरं दिसत नाही. आणि हैबतीला पुरे म्हणता येईना. मामी वाढत राहिली, हैबती खात राहिला. घरातल्या माणसांच्या पोळ्या संपल्या, शेजाऱ्यांकडे द्यायच्या संपल्या, नैवेद्याचीही गेली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. शेवटी पुरण संपलं म्हणून हैबती वाचला. संध्याकाळभर तो ओसरीवर उताणा पडून होता, पण घरात त्याच्याबद्दल चांगलं बोललं जात होतं.

असे दिवस गेले आणि लग्न आलं. दारात घोडं आलं, वऱ्हाड उतरलं, पत्रावळी मांडून ठेवल्या. मुहूर्ताच्या थोडं आधी अंगणात सगळ्यांच्या देखत हैबतीने मामांच्या खांद्याची पट्टी सोडली. मामांनी हात वर केला. खाली केला. मग शालू नेसलेल्या मंजुळेला त्यांनी दोन्ही हातांवर उचललं, एक गिरकी घेतली आणि हलकेच खाली ठेवलं. मंजुळा काही जुईची कळी नव्हती. जोंधळ्याचं पोतं एकटीने खांद्यावर टाकणारी मुलगी होती. पण मामांच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. हैबतीला फार आनंद झाला.

मग त्याने कामट्या आवरल्या, गाठोडं बांधलं आणि म्हणाला, "काम संपलं. येतो मी."

मामा बघतच राहिले. "येतो? आज? आवं, ज्या हातानं मी पोरगी उचलली त्यो हात तुमी दिला, आन् तुमीच लगीन सोडून निगालात?"

"काम संपलं की नाव धरायची, असं कलम हाय."

"ते कलम नेऊन घाला नदीत. जेवल्याबिगर सोडणार न्हाई."

"पर खांद्याला आता काय बी न्हाई. कामाबिगर मला थांबता येत न्हाई. थांबलो तर पुन्यांदा कुणाला येऊ देणार न्हाईत."

मामा पुढे आले. सगळं वऱ्हाड ऐकत होतं. अशा वेळी यजमानाने जे म्हणायचं असतं तेच ते म्हणाले. "वैद्यबुवा, काय वाट्टेल ते करा, पर आज थांबा. माजा शबुद मोडू नगा."

हैबतीने उपरणं हातात घेतलं. एक गाठ चाचपली. कामाशिवाय थांबायचं नाही. शेवटची गाठ चाचपली. यजमानाचा शब्द मोडायचा नाही. दोन्ही गाठी पक्क्या होत्या. तो विचार करू लागला. हैबतीला विचार करताना पैलवाडीने पहिल्यांदाच पाहिलं, आणि सगळे कौतुकाने बघत राहिले. हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"हात द्या बगू," तो म्हणाला.

मामांना वाटलं, वैद्यबुवा राहायचं वचन देतायत. त्यांनी आनंदाने उजवा हात पुढे केला.

कट्‌.

"आता काम निघालं," हैबती म्हणाला. "आता थांबतो."

त्याच वेळी मांडवातून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मामा ओट्याला टेकले होते. उजवा हात नुसता लोंबत होता. "बसवा," ते दातांवर दात दाबून म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बसवा."

"बसवतो की," हैबती समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्येला कितीसा येळ लागतोय. पर बसवला की काम संपलं, आन् काम संपलं की मला निघाया पायजे. मग तुमचा शबुद मोडंल. पंगत उठू द्या, लगीच बसवतो."

"मी माजा शबुद माघारी घेतो. जावा तुमी."

"रागावू नगा मामा. मी थांबतोय न्हवं?" असं म्हणून हैबती पंगतीच्या जागी गेला आणि एका पत्रावळीसमोर मांडी घालून बसला.

भटजींनी दुसऱ्यांदा हाक दिली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागले. वराकडची एक बाई म्हणाली, मुहूर्त टळतोय. मामांनी डाव्या हाताने मंजुळेला उचलायचा प्रयत्न केला, आणि ती जागची हललीसुद्धा नाही. मग मामांच्या चेहऱ्याकडे कोणाला बघवेना. एवढी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी जीव राखला होता ती दहा पावलांवर होती. मामी धावत हैबतीकडे गेली. "वैद्यबुवा, खांदा ऱ्हाऊ द्या एक वेळ, निदान पोरीला एका बाजूनं तरी धरा."

"पोरगी खांद्यात येत न्हाई," हैबती म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं.

मंजुळाने मामांकडे पाहिलं. मग मांडवाकडे पाहिलं. मग तिने शालूचा पदर कमरेला खोचला, मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि म्हणाली, "मामा, गप ऱ्हावा जरा." आणि जोंधळ्याचं पोतं उचलावं तसं तिने मामांना उचललं, आणि चालत बोहल्यापाशी नेऊन उभी राहिली. अंतरपाटाखालून नवरदेवाला दोनच पाय दिसले. मामांचे वर होते. मुलगी आणि मामा एकत्र आले पाहिजेत, ते आले; कोणी कोणाला आणलं त्यात भटजी पडले नाहीत. मामा भाचीच्या कडेवर हसत होते आणि रडत होते, आणि त्यांचा लोंबता हात अक्षता पडतील तसा हेलकावत होता.

लग्न लागलं. पंगत बसली. हैबती पोटभर जेवला. त्याला आग्रह करायचा नाही, असं वाढणाऱ्या प्रत्येकाला मामीने आधीच सांगून ठेवलं होतं. पंगत उठली तसा तो हात धुऊन आला, मामांशेजारी बसला आणि बैलाचं नाव विचारलं. मामांनी सांगितलं नाही. तरी खांदा बसला. कट्‌. मामांनी हात वर केला, खाली केला.

"आता काम संपलं," हैबती गाठोडं उचलून म्हणाला. "येतो."

थांबा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मामांनी ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली. मंजुळा नवऱ्याच्या मागे उभी होती, तिनेही नुसती मान हलवली. सगळं वऱ्हाड श्वास धरून होतं. हैबती अंगण ओलांडून मांडवाच्या तोंडापर्यंत गेला. आणखी दोन पावलं, की तो वाटेला लागला असता.

पण मामीचं आयुष्य पाहुण्यांना निरोप देण्यात गेलं होतं. हातात सुपारीची तबकडी होती, समोर पाहुण्याची पाठ होती, आणि तोंड आपलं आपणच उघडलं. "अगंबाई, इतक्यात निगालात? सुपारी तरी खाऊन जावा. थांबा की घटकाभर."

हैबती थांबला. त्याने उपरणं चाचपलं. मग गाठोडं खाली ठेवलं आणि हसतमुखाने मामांकडे वळला.

"थांबतो की," तो म्हणाला. "हात द्या बगू."